रोज जवळ बाळगायचे पिस्तूल: परवान्यापासून म्यानापर्यंत

पुणे - रात्री दुकान वाढवून रोकड घेऊन घरी निघणारे सराफ, जमिनीच्या व्यवहारातून धमकीचे दूरध्वनी येऊ लागलेले बांधकाम व्यावसायिक आणि शहराबाहेरच्या बंगल्यात एकटे राहणारे निवृत्त अधिकारी यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. "परवाना मिळाला, तर घ्यावे तरी कोणते?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक जण इंग्रजी मासिके किंवा अमेरिकेतील नातेवाइकांचा सल्ला प्रमाण मानतात आणि तिथेच फसतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जूनमध्ये घराबाहेर शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क असल्याचा निकाल दिला. भारतात असा मूलभूत हक्क नाही. इथे शस्त्र बाळगणे ही शासनाने अटींवर दिलेली परवानगी आहे आणि ती परत घेता येते. अमेरिकेत सर्वाधिक शिफारस होणारे ९ मिमी पिस्तूल तर आपल्या सामान्य परवान्यावर घेताच येत नाही. त्यामुळे पुण्यातील ग्राहकाचा विचार शस्त्रापासून नव्हे, कायद्यापासून सुरू व्हावा लागतो.

परवाना कोणाकडे मागायचा?

भारतीय शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यापूर्वी १८७८ चा ब्रिटिश कायदा होता. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयांना बंदी, असा त्याचा उघड पक्षपात होता व सुरुवातीच्या काळातच राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केले होते. स्वतंत्र भारताने तो पक्षपात काढून टाकला. परवान्याची अट मात्र ठेवली. आजचे तपशीलवार नियम २०१६ चे आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यांत आणखी बदल झाले. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवण्याची मुभा उरली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. वारसाहक्काने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते, हे जुन्या वाड्यांतून राहणाऱ्या कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे.

पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा आहे. पिंपरी-चिंचवडसाठी २०१८ च्या ऑगस्टपासून स्वतंत्र आयुक्तालय असल्याने तेथील रहिवाशांनी तिकडे अर्ज करायचा, तर ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने परवाना देतात. अर्ज संगणकीय प्रणालीवर भरावा लागतो आणि प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीतील एक विशिष्ट क्रमांक मिळतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. पूर्वीचे गुन्हे, शेजाऱ्यांचे मत, धमकीच्या तक्रारी हे सारे तपासले जाते. वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचेही प्रमाणपत्र लागते. हे दुसरे प्रमाणपत्र केवळ कागद म्हणून मिळवण्याची वृत्ती दिसते, त्याविषयी पुढे.

व्यवसायामुळे किंवा अन्य कारणाने जीविताला वा मालमत्तेला खरोखर धोका असलेले, नेमबाजी संघटनेचे किमान दोन वर्षे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू आणि सैन्य, निमलष्करी दल वा पोलीस सेवेतील आजी-माजी कर्मचारी यांचे अर्ज विचारात घ्यावेत, असे नियम सांगतात. "धोका" म्हणजे नुसती भीती नव्हे. धमकीची तक्रार वेळीच नोंदवलेली असेल, तर अर्जाला आधार मिळतो. त्याचबरोबर, अर्जदाराकडे मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. परवाना म्हणजे श्रीमंतीची खूण, असे मानणाऱ्यांना हे कलम सहसा माहीत नसते.

नकार मिळाल्यास ३० दिवसांत अपील करता येते. आयुक्तांच्या निर्णयावरील अपील राज्याच्या गृह विभागाकडे जाते. ही वाट किती संवेदनशील आहे, ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुणेकरांनी पाहिले. पुण्याच्या पोलीस आयुक्तांनी नाकारलेल्या एका परवान्याचे अपील गृह राज्यमंत्र्यांनी मंजूर केल्याचे उघड झाले आणि त्यावरून मोठे राजकीय वादंग उठले. बीड जिल्ह्यात तर २०२४ च्या डिसेंबरमध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर एकाच जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. या दोन प्रकरणांनंतर परवान्यांची छाननी सैल राहील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

बोअरचे गणित

परवाना हाती आला, की निवडीचे क्षेत्र एकदम अरुंद होते. कायद्याने अग्निशस्त्रांचे "निषिद्ध बोअर" आणि "अनिषिद्ध बोअर" असे दोन गट केले आहेत. लष्कर व पोलीस वापरतात ती काडतुसे ज्यात बसतील, अशी शस्त्रे निषिद्ध. ९ मिमीचे पिस्तूल, .३८० आणि .४५५ ची जुनी सरकारी रिव्हॉल्व्हरे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची वेगळी परवानगी लागते आणि ती अपवादानेच मिळते. सरकारी काडतुसे बाहेर झिरपू नयेत, हा त्यामागचा हेतू. परवान्याविना निषिद्ध बोअरचे शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ व कमाल १४ वर्षांची कैद आहे.

उरते काय? व्यवहारात .३२ आणि काही प्रमाणात .२२. शिवाय ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना विदेशी पिस्तुले आयात करण्यास जवळजवळ बंदी आहे. म्हणून जुनी वेब्ली, स्मिथ अँड वेसन, कोल्ट किंवा वॉल्थर यांना आपल्याकडे त्यांच्या मूळ किमतीशी काहीही संबंध नसलेले भाव येतात. साठ-सत्तर वर्षांचे शस्त्र लाखो रुपयांना विकले जाते आणि घेणारा ते दागिना घ्यावा तसे घेतो. हौस म्हणून ठीक; पण जीव ज्याच्या भरवशावर ठेवायचा, त्याची स्प्रिंग थकलेली असेल आणि सुटे भाग मिळत नसतील, तर त्या नावलौकिकाचा उपयोग शून्य. असे शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाकडून घ्यायचे असल्यास विक्रेत्याने प्रशासनाला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबणे कायद्याने बंधनकारक आहे, हेही सौदा करताना विसरले जाते.

नव्या देशी शस्त्रांत सर्वाधिक परिचित आहे ते कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर. वेब्लीच्या जुन्या आराखड्यावर बेतलेले, सहा काडतुसांचे, मधोमध मोडून उघडणारे. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच कारखान्यातून "निर्भीक" बाहेर आले. वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि किंमत त्या वेळी १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीतील निर्भया प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर महिलांसाठीचे शस्त्र म्हणून त्याची जाहिरात झाली आणि त्यावर टीकाही झाली. सव्वा लाखाचे रिव्हॉल्व्हर आणि वर परवाना, हे किती स्त्रियांच्या आवाक्यातले आहे, हा प्रश्न रास्तच होता. पुढे इछापूरच्या रायफल फॅक्टरीने .२२ चे "निदर" आणले; वजन अवघे २५० ग्रॅम. आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये "प्रबल" सादर केले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, काडतुसांविना वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिमी आणि एकूण लांबी साधारण १७८ मिमी. ५० मीटरच्या पल्ल्याचा मोठा गवगवा झाला. परंतु स्वसंरक्षणाचा प्रसंग दोन-चार पावलांच्या अंतरावर घडतो. ५० मीटरवरच्या माणसापासून दूर जाता येते, आणि जाता येत असेल तर गेलेच पाहिजे. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाची रिव्हॉल्व्हरेही अलीकडे उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे बनू लागली आहेत. पिस्तुलांमध्ये बंगालमधील सरकारी कारखान्यांचे .३२ "अशनी" हे मुख्य नाव.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

हा वाद जगभर जुना आहे. पिस्तूल चपटे असते, कमरेला फुगवटा दिसत नाही, सात-आठ काडतुसे मावतात आणि मॅगझिन बदलणे सोपे जाते. रोज अंगावर लपवून बाळगायचे म्हटले, की कागदावर पिस्तूलच जिंकते. पण पिस्तूल सरावाची मागणी करते. स्लाइड मागे ओढून काडतूस नळीत घ्यावे लागते, खटका कोणत्या बाजूला आहे ते बोटांना माहीत असावे लागते, आणि काडतूस अडकले तर ते क्षणात मोकळे करता यावे लागते. त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असा समज. नळीत राहिलेले एक काडतूस पुसायला घेतलेल्या पिस्तुलातून सुटते आणि घरातच माणूस जखमी होतो किंवा जातो. रिव्हॉल्व्हर उघडले, की किती काडतुसे आहेत ते डोळ्यांना दिसते. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. चापाला जोर अधिक लागतो, हा दोष खरा. पण घाबरलेल्या हातातून चुकून गोळी सुटू नये, यासाठी तोच दोष उपयोगी पडतो.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदाही सराव न करणाऱ्या व्यापाऱ्याने किंवा नोकरदाराने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. नियमित सराव करणाऱ्याने पिस्तुलाचा विचार करावा. आणि जो वर्षातून एकदाही सराव करणार नाही, त्याने परवान्याच्या अर्जाचाच फेरविचार करावा.

काडतुसांबाबत एक तांत्रिक बाब. रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पहिले लांब आणि बुडाला कड असलेले. दुसरे आखूड, ज्याला ७.६५ मिमी असेही म्हणतात. आकडा एक असला, तरी एकाचे दुसऱ्यात चालत नाही. दुकानात मागताना शस्त्राचा प्रकार स्पष्ट सांगावा. भारतीय काडतुसांवर दिसणारी "केएफ" ही अक्षरे मात्र पुणेकरांच्या घरची आहेत. ती १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. वर्षाला किती काडतुसे घेता येतील, ते परवान्यावर नमूद असते आणि वापरलेल्यांचा हिशेब द्यावा लागतो. परिणामी लोक काडतुसे "जपून" ठेवतात, सरावाला वापरत नाहीत, आणि ऐन प्रसंगी दहा वर्षांचे जुने काडतूस दगा देते. .२२ विषयीही असेच तारतम्य हवे. त्याचा धक्का जाणवत नाही, हलके असल्याने पर्समध्येही राहते; पण ताकद कमी आणि काडतूस न उडण्याचे प्रमाण तुलनेने जास्त. हातात जोर नसलेल्या वृद्धांसाठी ते नाहीच्यापेक्षा बरे, इतकेच म्हणता येईल.

वजनाचा मोह दुकानात होतो. हलके शस्त्र बाळगायला सुखाचे, झाडायला त्रासाचे. कारण धक्का सारा मनगटावर येतो. म्हणून खरेदीपूर्वी रिकामे शस्त्र हातात घेऊन पाहावे. तर्जनीचे पेर चापावर सहज पोहोचते का, मूठ तळहातात पुरती बसते का, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते.

झाकलेलेच हवे

शस्त्र दिसले तर वचक बसतो, असा एक गैरसमज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. लग्नाच्या मांडवात, वाढदिवसाच्या फलकावर आणि मोटारीच्या पुढच्या काचेपाशी त्याचे प्रदर्शन चालते. २०१६ चे नियम याच्या नेमके उलट सांगतात. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या म्यानात किंवा तशा पिशवीतच असावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा राहावा. म्हणजे लपवून बाळगणे ही आपल्याकडे सवलत नसून अट आहे. लग्न, मिरवणूक, जत्रा अशा ठिकाणी शस्त्र परजणे वा हवेत गोळीबार करणे हे परवाना रद्द होण्यास पुरेसे कारण आहे. आनंदाच्या भरात बेदरकार गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विशेष परवानगीवाचून जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरणारा परवानाधारक कायदा मोडत असतो, मग त्याचा हेतू काहीही असो.

मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत २०२४ च्या जुलैमध्ये देशभर फिरली. त्यात गोळी झाडली गेली नव्हती. तरीही गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि परवान्यावर कारवाई झाली.

म्यान घेताना एकच कसोटी महत्त्वाची. चापाभोवतीची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे. नुसते कमरेत खोचलेले किंवा पँटच्या खिशात किल्ल्यांसोबत टाकलेले शस्त्र हे अपघाताला आमंत्रण. पुण्यात निम्मे आयुष्य दुचाकीवर जाते. पाठीच्या मध्यावर लावलेले शस्त्र दुचाकीवरून पडल्यास मणक्याला इजा करू शकते. बाजूला, नितंबाच्या हाडाच्या किंचित मागे ते सुरक्षित राहते. दुचाकीच्या डिकीत किंवा मोटारीच्या कप्प्यात ते ठेवून जाणे मात्र कटाक्षाने टाळावे. शस्त्र चोरीला गेले, तर पोलिसांना तत्काळ कळवण्याची जबाबदारी परवानाधारकाचीच असते आणि निष्काळजीपणाचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. घाम व पावसाळी दमटपणा यांनी लोखंडाला गंज चढतो. चामड्याच्या म्यानात आठवडेच्या आठवडे पडून राहिलेले शस्त्र जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला पुसून तेलाचा हलका हात फिरवावा लागतो.

सरावासाठी मोकळे माळरान, शेत किंवा सिंहगडाच्या पायथ्याची टेकडी चालत नाही. अधिकृत नेमबाजी केंद्रातच तो करावा लागतो. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने नेमबाजीच्या सोयी उभ्या राहिल्या आणि शहरात नेमबाजीचे खासगी वर्गही आहेत. नेम आणि श्वासाची शिस्त तिथे एअर पिस्तुलावरही शिकता येते. ठरावीक ताकदीच्या खालच्या.१७७ एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवण्यापुरते एकदा जाऊन येणाऱ्यांनी निदान हा स्वस्त मार्ग तरी धरावा.

गोळी झाडल्यानंतर

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. स्वसंरक्षणाचा हक्क आता तिच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. आशय जुन्या दंडविधानाचाच. पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. जीवावर बेतलेला हल्ला, गंभीर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण अशा मोजक्या प्रसंगी प्रतिकार मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पळून जाणाऱ्या सोनसाखळी चोराच्या पाठीत गोळी घालणे या चौकटीत बसवणे अवघड आहे. गोळी झाडणाऱ्याचे शस्त्र जप्त होते, चौकशी होते आणि बचावाचा मुद्दा अखेर न्यायालयात मांडावा लागतो.

घरातील धोक्याची चर्चा मात्र दुकानात कोणी करत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये पुण्याच्या बाणेर परिसरात एका पोलीस अधिकाऱ्याने पत्नी व पुतण्यावर गोळी झाडून स्वतःचे जीवन संपवले. शस्त्राचे संपूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या घरात हे घडले. ज्या घरात कोणी नैराश्याशी झुंजत आहे, दारूचे व्यसन आहे किंवा भांडणे हातघाईवर येतात, तिथे चोराच्या भीतीने आणलेले शस्त्र घरच्यांवरच उलटण्याची शक्यता अधिक असते. अर्जातील वैद्यकीय प्रमाणपत्र हे अर्जदारापुरते असते. घरातील इतरांचा विचार त्यानेच करायचा. रोज संध्याकाळी घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे. लहान मुले असलेल्या घरात "कपाटाच्या वर ठेवले आहे" हे उत्तर पुरेसे नाही.

ज्यांना परवाना मिळत नाही, ते कधीकधी सोप्या वाटेने जातात. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमरटीसारख्या गावांतून येणारे गावठी पिस्तूल पुण्याच्या गुन्हेगारी बातम्यांत वारंवार दिसते. पुणे पोलिसांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये थेट तिथे जाऊन छापे टाकले. विनापरवाना साधे पिस्तूल बाळगल्यास आता किमान दोन वर्षे व कमाल पाच वर्षे कैद आहे, आणि ते "स्वसंरक्षणासाठी घेतले" हे कारण चालत नाही.

परवानाधारकाच्या मागे लागणारी कागदोपत्री कामेही थोडी नाहीत. शस्त्र घेतल्यावर त्याचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा. परवान्यावरील क्षेत्र तपासावे. महाराष्ट्रापुरता परवाना खिशात ठेवून सहकुटुंब गोव्याला जाताना शस्त्र घरी ठेवणेच शहाणपणाचे. निवडणुकीत सर्वांनीच शस्त्रे जमा करावीत, असा सरसकट नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ मधील निर्णयानंतर छाननी समिती प्रत्येक प्रकरण पाहते आणि जामिनावर असलेले वा पूर्वी दंगलीत सामील असलेले यांच्याकडून शस्त्र जमा करून घेते. आदेश आला तर मात्र मुदतीत जमा करावे आणि पावती घ्यावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी दोन महिने तरी द्यावा. वयाची सत्तरी गाठलेल्या किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगलेल्या परवानाधारकाला हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो; वारसाची पात्रता नव्याने तपासली जाते. परवानाधारकाचे निधन झाल्यास घरच्यांनी शस्त्र कपाटात राहू न देता विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मृत्यू प्रमाणपत्रासह परवाना शाखेला कळवावे.